सिंथेटिक

खांबेटे बाईंनी चिठ्ठी दिली होती:
"पोलादी तारा काढा. मुलीचा हात चांगला आहे,
आवाज मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो.
सिंथेटिक बघा. फार महाग नको."
खाली सही. आणि सहीखाली
पुन्हा एकदा, अधोरेखित: फार महाग नको.

बाईंना माझी मिळकत ठाऊक आहे.
त्यांच्या सगळ्या साड्यांचे फॉल मीच लावते,
अरण्येश्वरच्या उतारावर, झेरॉक्सच्या शेजारी.
फॉल-पिको दीडशे, गोंडे वेगळे.

तर मंगळवारी दुकान बंद ठेवून
स्कूटीवर तेजलला मागे घेतलं,
तिच्या पाठीवर पेटी.
स्वारगेटच्या सिग्नलला मागून टोचत होतं काहीतरी,
आपल्याबरोबर तिसरं कुणी बसल्यासारखं.

कॅम्पात, बेकरीच्या वर लोबोकाकांचं दुकान.
खाली पाव भाजल्याचा वास, वर राळेचा.
त्यांनी पाकिटं मांडली
जशी मी गिऱ्हाइकापुढे अस्तरं मांडते.
एक साडेतीनशेचं, पोलाद.
एक परदेशी, आतड्याच्या तारांचं. त्याची किंमत सांगितलीच नाही,
नुसतं दाखवून परत खणात ठेवलं.
(पैठणी आम्हीही अशीच दाखवतो.)
आणि मधलं.
"आत नायलॉनसारखा धागा, वर धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली.
दमट हवेत रुसत नाही. सतराशे."

सिंथेटिक.
हा शब्द मी मुरडलेल्या नाकांतूनच ऐकत आले.
"अगंबाई, सिंथेटिक होय," म्हणत
बायका पदर चिमटीत धरतात आणि सोडून देतात.
मी एक सूत काढून काडी लावते.
रेशीम जळताना केसांचा वास येतो,
सुती कागदासारखं जळून राख होतं,
सिंथेटिक वितळतं, त्याची गोळी होते, बोटाला चिकटते.

"एक टोक जाळून बघू?" मी विचारलं.
लोबोकाका चष्म्यावरून बघत राहिले.
तेजल म्हणाली, "आई!"

"जाळता काय, ऐका,"
म्हणत त्यांनी भिंतीवरचं एक व्हायोलिन उतरवलं,
त्याच तारांचं, आणि गज एकदाच ओढला, सावकाश.
तिसऱ्या धुण्यात साडीची खळ जाते
आणि ती पहिल्यांदा अंगाला धरून बसते ना,
तसा.

मी घासाघीस केली नाही.
केली. शंभर कमी झाले, राळेची वडी वर मिळाली.

"एकेक करून बदला," त्यांनी बजावलं,
"सगळ्या एकदम उतरवल्या तर आतली उभी कांडी पडते.
आणि ही सगळ्यात बारीक, ही पोलादाचीच असते,
श्रीमंतांचीसुद्धा.
तीन-चार दिवस तारा उतरत राहतील.
बिघडल्या समजू नका. ताणाची सवय व्हायची असते."

ताण.
माझ्या मशीनवरही एक चकती आहे.
घट्ट फिरवली की दोरा तुटतो,
सैल सोडली की खालून फासे पडतात.
मला कुणी बजावलं नव्हतं.
पहिली दोन वर्षं लोकांच्या साड्या चुणल्या,
पैसे परत दिले, रात्री उसवत बसले.

मागच्या खोलीतून तेजल ओरडायची:
"सा उतरला!"
"लाव परत."
"आई, पुन्हा उतरला!"
"लाव गं परत."
बुधवार असा गेला. गुरुवारही.
शुक्रवारी दोनदाच.

शनिवारी काउंटरवर एक बाई आल्या,
जांभळी साडी, प्युअर सिल्क, जपून हं, वगैरे.
मी फॉलची रिळं काढत होते
आणि आतून ती ओरडलीच नाही.
गज चालला होता, न थांबता.
बाईंनी मान कलती केली.
"छान वाजतंय. काय आहे?"

"सिंथेटिक," मी म्हणाले,
आणि जांभळ्यावर जांभळा लावून बघितला,
उजेडात धरून.